गोळ्या सोडणं म्हणजे निसर्गोपचार नव्हे : आबांच्या शुगरबद्दल विचारलं त्याचं उत्तर

लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी पोरानं विचारलंय. वडील ५८ वर्षांचे, आठ वर्षांपासून शुगर, तीन वर्षांपासून बीपी, वजन ८४ किलो. गावातल्या मंगल कार्यालयात बिनऔषधी उपचाराचं शिबिर झालं, तिथं सांगितलं की गोळ्या म्हणजे विष आहे, आजपासून सगळ्या बंद आणि २१ दिवस नुसता रस. आबांनी पाच दिवस झाले गोळ्या सोडल्यात, आता चक्कर यायलीय, तहान थांबत नाही, तर शिबिरवाले फोनवर म्हणतात घाबरू नका, आतली घाण बाहेर पडायलीय. आई म्हणते दुधीच्या रसात कारल्याचा पण घालू का. असा बिनगोळीचा उपचार खरंच असतो का, आणि आता करायचं काय.

दादा, आधी आत्ताचं बघा, बाकी मग सावकाश वाचा. आबांची शुगर आजच तपासा, उद्या नाही, गावात ज्याच्याकडं ग्लुकोमीटर असेल त्याच्याकडं जा, नाहीतर उपकेंद्रात जा, आणि बीपी पण मोजून घ्या. सारखी तहान, सारखी लघवी आणि वर चक्कर याला घाण बाहेर पडणं म्हणत नाहीत, याला शुगर वाढणं म्हणतात, त्यात तुम्ही गोळी काढून घेतली आणि वरून गोड फळांचा रस चालू केला. आकडा तीनशेच्या वर आला, किंवा उलटी, पोटात दुखणं, धाप, गुंगी यातलं काही असलं तर आकड्याची पण वाट न बघता थेट दवाखाना गाठा. तसं काही नसलं तरी ज्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात त्यांना आजच फोन करा आणि खरं सांगा की पाच दिवस बंद होत्या. ओरडतील, ओरडू द्या. बंद केलेल्या गोळ्या परत कशा चालू करायच्या हे तेच सांगतील, मी इथं बसून सांगणार नाही आणि शिबिरवाल्यानं तर नाहीच नाही.

आता मी कोण हे सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा कोणी गोळ्या विकणारा बोलतोय. मी स्वतः निसर्गोपचारवाला आहे, लातूर-परभणी पट्ट्यात २७ वर्षं झाली, माती, पाणी, कटिस्नान, उपास, आहार हेच माझं काम, घरात माझ्याकडं विकायला एक पण बाटली नाही. त्यामुळं बिनऔषधाचा उपचार असतो का याला माझं उत्तर हो असंच आहे, फक्त तुमच्या आबांना जे सांगितलं गेलं तो तसला उपचार नव्हे. त्या लोकांनी क्रम उलटा केलाय. गोळी सुटणं हे शेवटी येतं, राहणी बदलली, वजन उतरलं, आकडे खाली आले की तीच गोळी गरजेपेक्षा जास्त पडायला लागते आणि मग डॉक्टर ती कमी करतात. यांनी पहिल्याच दिवशी गोळी काढली आणि राहणीचं काय तर २१ दिवस रस, म्हणजे बाविसाव्या दिवशी आबा परत त्याच पंगतीत.

हे शास्त्र आपल्याकडं आलं कुठून ते थोडं माहीत पाहिजे, कारण अर्धा घोळ तिथंच आहे. लोकांना वाटतं हे सगळं ऋषीमुनींचं, पण टब-बाथ आणि ओल्या पट्ट्या आल्या युरोपातल्या जर्मन बोलणाऱ्या मुलखातून. प्रिस्निट्झ नावाचा एक शेतकरीच होता, १७९९ चा जन्म, त्यानं थंड पाण्याचे उपचार चालू केले, मग क्नाइप नावाचा पाद्री, मग लाइपझिगचा लुई कुने. कुनेचं म्हणणं असं की सगळ्या रोगांचं मूळ एकच, शरीरात साठलेलं विजातीय द्रव्य, म्हणजे नको असलेली घाण, आणि म्हणून उपचार पण एकच. गांधीजींनी कुने वाचला, अडॉल्फ जुस्ट हा दुसरा जर्मन निसर्गोपचारवाला वाचला, स्वतःवर प्रयोग केले, घरच्यांवर केले, आणि मार्च १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळीकांचनला येऊन आश्रम चालू केला जो पुढं मणिभाई देसाईंनी सांभाळला आणि आज पण चालू आहे. आपल्या पंचमहाभूतांची सांगड, म्हणजे माती, पाणी, ऊन, हवा, आकाश, ही गांधीजींनी त्यात घट्ट बसवली. आकाश म्हणजे मोकळी जागा, पोटात पण मोकळी जागा ठेवा असा त्याचा सरळ अर्थ, उपास त्यातनंच आला.

आता माझं मत विचाराल तर कुनेचा टब कामाचा आणि कुनेची थिअरी चुकीची. सगळ्या रोगांचं मूळ एकच नसतं. मलेरियाला डास लागतो, टीबीला जंतू लागतो, आणि लहान लेकराच्या टाईप-वन शुगरमध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच गेलेल्या असतात, तिथं पोट साफ करून काय होणार? आणि शरीरातला कचरा काढायला लिव्हर आणि किडनी दिवसरात्र बसलेल्याच आहेत. मातीची पट्टी विष ओढून घेती असं मी पण सुरुवातीला पेशंटला सांगायचो, आता सांगत नाही.

तसं गांधीजी पण एवढे हट्टी नव्हते जेवढे त्यांचं नाव घेणारे आहेत. जानेवारी १९२४ ला ते येरवडा जेलात असताना अपेंडिक्स झालं, पुण्याच्या ससूनमध्ये इंग्रज सर्जनकडून ऑपरेशन करून घेतलं, आणि ते पण कसं तर मध्येच लाईट गेली आणि शेवट कंदिलाच्या उजेडात केला. तेव्हा त्यांनी पोटावर माती ठेवून पडून राहतो असं म्हणलं नाही. मी ही गोष्ट दर शिबिरात सांगतो, काही जुने निसर्गोपचारवाले माझ्यावर त्यासाठी नाराज पण आहेत, असू देत.

ते घाण बाहेर पडणं जे आहे त्यावर जरा जास्त बोलतो कारण आबांचा जीव त्या एका वाक्यात अडकलाय. आमच्या शास्त्रात त्याला हीलिंग क्रायसिस म्हणतात, जुना शब्द उभार. कल्पना अशी की शरीर बरं व्हायला लागलं की आधी त्रास वाढतो, अंगावर पुरळ येतं, सर्दी होती, डोकं दुखतं, मग उतरतं. यात काहीच खरं नाही असं पण नाही. चहा बंद केला की दोन-तीन दिवस डोकं ठणकतं हे खरंय, पण ते कॅफिन तुटल्यामुळं, विष निघाल्यामुळं नाही. उपासात पहिल्या दिवसांत तोंडाला वास येतो, ते पण खरंय, चरबी जळायला लागली की कीटोन तयार होतात त्याचा वास. पण एकदा का तुम्ही उभार हा शब्द हातात धरला की उपचार करणाऱ्याला कधीच चुकता येत नाही, बघा ना, पेशंट बरा झाला तर उपचारानं आणि बिघडला तर तो पण उपचाराचाच गुण. ज्याला स्वतःची चूक कळायची सोयच नाही त्याच्या हाती माणूस द्यायचा नाही. मी आता सरळ नियम केलाय, माझ्याकडं येऊन त्रास वाढला तर आधी मोजायचं, शुगर, बीपी, ताप, लघवी, आणि कारण सापडेपर्यंत उपचार बंद.

हा नियम मी शहाणा होतो म्हणून केला नाही, माझ्या हातून एकदा झालंय म्हणून केला. प्रॅक्टिसची तिसरी-चौथी वर्षं असतील, परभणीकडचे एक गृहस्थ, शुगरची ग्लिमेपिराइड नावाची गोळी चालू होती, मी त्यांना तीन दिवसांचा लिंबूपाण्याचा उपास दिला आणि गोळीचं विचारायचंच विसरलो. त्यांच्या बायकोनं नेमानं सकाळची गोळी दिली, तिचं काय चुकलं, तिला कोणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला माणूस घामानं भिजून बाजेवरच आडवा, बोलणं बरळल्यासारखं, आणि मी शहाणा म्हणतोय उभार आहे, ओली पट्टी ठेवा. नशीब की त्यांचा पुतण्या मेडिकल दुकानात कामाला होता, त्यानं मशीन आणली, शुगर ४८. साखरेचं पाणी पाजलं तसा दहा मिनिटांत माणूस उठून बसला आणि मला म्हणला डॉक्टर तुमचा उपास लई कडक आहे हो. ते हसले, मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. म्हणून सांगतो, पोट रिकामं आणि वर शुगरची गोळी चालू हे जितकं धोक्याचं तितकंच गोळी बंद आणि रस चालू हे धोक्याचं. उपास आणि गोळी यांचं गणित ज्याला बसवता येत नाही त्यानं शुगरवाल्याला उपास सांगायचाच नाही.

बीपीचं पण तसंच. काही गोळ्या, विशेषतः ज्यांच्या नावाच्या शेवटी लोल येतं त्या, एकदम बंद केल्या तर बीपी आणि ठोके उसळतात, छातीत दुखू शकतं. पाकिटावरचं नाव वाचून बघा आबांची त्यातली आहे का, आणि डॉक्टरांना फोन कराल तेव्हा ते पण सांगा.

बरं, मग शुगर बिनगोळीची होतीच नाही का? होती, काहींची. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाचा अभ्यास झाला, २०१७ ला निकाल आला. लठ्ठ आणि शुगर असलेल्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरीच दिल्या, मग हळूहळू जेवणावर आणलं. वर्षानंतर ४६ टक्के लोकांची शुगर बिनगोळीची नॉर्मल, आणि ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवलं त्यांच्यात ८६ टक्के. आता हे ऐकून शिबिरवाला उड्या मारेल, पण पुढचं ऐका. ते सगळे लोक डॉक्टरांच्या नजरेखाली होते, गोळ्या डॉक्टरांनीच थांबवल्या, इन्सुलिनवाले त्यात घेतलेच नव्हते, आणि शुगर असल्याचं कळून सहा वर्षं व्हायच्या आतले लोक होते. दोन वर्षांनी ४६ चे ३६ झाले, कारण वजन परत चढलं. म्हणजे खेळ सगळा वजनाचा आहे. रसाचा नाही, मातीचा पण नाही. आबांना आठ वर्षं झालीत, त्यामुळं पूर्ण सुटेल असं मी लिहून देणार नाही, पण ८४ चे ७४ झाले तर गोळ्या कमी व्हायला चांगलीच जागा आहे, आणि कमी झाली तरी मिळवलंच की.

मी अशा माणसाला पहिल्या महिन्यात काय करायला लावतो ते सांगतो. गोळ्यांना हात लावत नाही. आधी चहा मोजायला लावतो. आपल्या मराठवाड्यात माणूस चहावर जगतो, कोणाच्या घरी गेलं की चहा, बाजारात भेटला की चहा, तलाठ्याकडं गेलं की चहा, शुगर असलेला माणूस पण म्हणतो अर्धाच घेतो की. आठ वेळा अर्धा म्हणजे चार झाले. कपाला दोन चमचे साखर धरली तर चार कपांत ८ चमचे, साधारण ४० ग्रॅम, हे भाकरीच्या आधीचं. एका मामांचं मी फक्त चहाची साखर बंद केली आणि संध्याकाळचं जेवण सात वाजता करायला लावलं, बाकी काहीच नाही, तीन महिन्यांनी त्यांच्या डॉक्टरांनी एक गोळी काढली, तर गावभर माझं नाव झालं की कसलीतरी पुडी दिली म्हणून. पुडी दिली असती तर लोकांना जास्त पटलं असतं.

मग भाकर. ज्वारीच्या भाकरीनं शुगर वाढतच नाही असं आपल्याकडं सर्रास म्हणतात, ते खोटंय. ज्वारी पण पिठूळच, फक्त तिच्यात मैद्यापेक्षा आणि पॉलिश तांदळापेक्षा धागा जास्त, पोट लवकर भरतं. पण चार भाकरी कुस्करून खाल्ल्या तर मशीनला ज्वारी काय आणि गहू काय. मी दोन सांगतो, तळहाताएवढ्या, आणि भाकरीच्या आधी वाटीभर भाजी आणि वाटीभर घट्ट वरण किंवा मटकी खायला लावतो, म्हणजे भाकरीवर हात पडेपर्यंत निम्मी भूक मेलेली असती. भाजी म्हणजे बटाट्याचा रस्सा नाही. चुका, अंबाडी, पाथरी, तांदुळजा, घोळ, हे आपल्या बांधाला येणारं, आपल्या आयांना सगळं माहीत होतं, आता पोरी ओळखत पण नाहीत. येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, रानात आपण जी भज्जी करतो ना, सगळ्या भाज्या आणि शेंगा घालून, त्याच्यासारखं शुगरवाल्याला जेवण नाही, फक्त त्या दिवशी सोबत आंबील आणि उंडे पण तेवढेच जातात आणि वर रानातली झोप, म्हणून त्याचा गुण येत नाही.

जेवलं की दहा-पंधरा मिनिटं चालायचं, रपारप नाही, साधं गोठ्यापर्यंत जाऊन यायचं. हे सगळ्यात स्वस्त औषध आहे आणि सगळ्यात कमी लोक घेतात, मांडीचे स्नायू चालू झाले की रक्तातली साखर ते ओढून घेतात, त्याला इन्सुलिनची पण फारशी वाट बघावी लागत नाही. शेतकऱ्याला चालायचं सांगितलं की तो हसतो, म्हणतो आम्ही दिवसभर रानातच असतो की. पण खरं विचारलं तर आता मोटारसायकल बांधापर्यंत जाती, फवारा गडी मारतो, मळणीला मशीन आहे, आबा धुऱ्यावर बसून फोनवर बोलतात. आठवड्यातून दोन दिवस उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी शुगर मोजून वहीत लिहायची, आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी. ती वही घेऊन ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्याच डॉक्टरांकडं जायचं. डॉक्टर वही बघून गोळी कमी करतात, मी बघितलंय, त्यांना पण पेशंटचं भलंच पाहिजे असतं, त्यांचा राग आमच्या नावानं परस्पर बंद करणाऱ्यांवर असतो आणि तो रास्त आहे.

बीपीला मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, त्यात भाजीतलं, भाकरीतलं, सगळं आलं. आपला ठेचा, लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, हे धरलं तर न्याहारीलाच कोटा संपतो. भाकरीच्या पिठात मीठ घालू नका इथनं सुरू करा, कळत पण नाही.

आता पाणी आणि माती, कारण तुम्हाला वाटेल हा निसर्गोपचारवाला असून नुसतं जेवणावरच बोलायलाय. खरं तर नव्वद टक्के काम जेवण, झोप आणि चालण्यातच आहे, पण पाणी-मातीचा गुण येतो तिथं चांगला येतो, आणि तो कुठं येतो हे माहीत पाहिजे. बद्धकोष्ठ, पोट जड, डोकं तापलेलं, झोप नाही, मुरगळा, पाठ आखडलेली, उन्हाचा त्रास, इथं मी बिनधास्त वापरतो.

कटिस्नान घरी करता येतं. बाळाला आंघोळ घालायचा मोठा प्लास्टिकचा टब असतो त्यात रांजणातल्या पाण्याइतकं गार पाणी, फ्रीजचं नाही, बेंबीपर्यंत येईल एवढं, पाय बाहेर कोरडे आणि खांद्यावर टॉवेल. दहा ते पंधरा मिनिटं, आणि ओल्या फडक्यानं ओटीपोट उजवीकडनं वर, मग आडवं, मग डावीकडनं खाली असं चोळायचं, मोठ्या आतड्याची वाट तीच आहे. नंतर पुसून चालून अंग गरम करायचं. जेवणानंतर दोन तास नाही, पाळीत नाही, थंडी वाजून ताप आलेला असताना नाही. पाण्याची टंचाई असली की लोक हेच आधी बंद करतात, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात मला कोणाला टबात बस म्हणायला तोंडच नव्हतं, तेव्हा नुसती ओली पट्टी पोटाला गुंडाळून वरून कोरडं लोकरीचं फडकं, तांब्याभर पाण्यात काम भागायचं. खरं सांगू का, बऱ्याच जणांना तेवढ्यानं पण तोच गुण आला.

माती आपली काळी, यासारखी दुसरी नाही. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असती, ती पाणी धरून फुगते, म्हणूनच उन्हाळ्यात वाळली की रानाला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. पट्टीला हाच गुण पाहिजे, कारण ती पाणी हळूहळू सोडती आणि गारवा टिकतो, साध्या फडक्यासारखा पाच मिनिटांत उडत नाही. पण कपाशी-सोयाबीनच्या रानातली वरची माती घेऊ नका, वर्षानुवर्षांचं तणनाशक आणि फवारे तिच्यात आहेत. पडीक जागेत, उकिरड्यापासून लांब, दोन-तीन फूट खालची काढायची, उन्हात चांगली वाळवायची, चाळायची, रात्रभर भिजवायची, सकाळी ओल्या सुती फडक्यावर बोटभर जाड थापून पोटावर वीस ते तीस मिनिटं. एकदा वापरलेली परत नाही. आणि उघड्या जखमेवर माती कधीच नाही, आबांना शुगर आहे, पायाला काही लागलेलं असलं तर अजिबातच नाही, धनुर्वाताचे जंतू मातीतच राहतात.

पायाचं निघालंच आहे तर, शिबिरात गरम पाण्यात पाय सोडायला लावतात, शुगरवाल्यानं ते करू नये. आठ-दहा वर्षांच्या शुगरमध्ये पायाची जाणीव कमी झालेली असती, पाणी पोळतंय हे कळतच नाही, टरारून फोड आलेला दुसऱ्या दिवशी दिसतो. एका आजीचा पाय असा आला होता माझ्याकडं, जखम भरायला चार महिने गेले. पाणी कोणी दुसऱ्यानं कोपर बुडवून बघायचं, कोपराला कोमट वाटेल तेवढंच, आणि आबांनी रोज रात्री तळवे आरशात बघायचे. अनवाणी रानात फिरणं हा निसर्गोपचार आहे असं पण सांगतात ना, आबांसाठी नाही, चप्पल-बूट घालूनच.

ऊन पण तसंच, हिवाळ्यातलं सकाळचं कोवळं ऊन वीस मिनिटं पाठीवर घ्या, मजा आहे त्यात. पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो तेव्हा सूर्यस्नान हा शब्द पण काढायचा नाही. उलट तेव्हा पाण्याचा खरा उपचार लागतो, उन्हानं माणूस पडला, अंग तापलंय, बरळायलाय, तर एकीकडं गाडी बोलवा आणि गाडी येईपर्यंत सावलीत घेऊन कपडे सैल करून अंगावर सारखं पाणी ओतत राहा आणि सुपानं वारा घाला, शुद्धीत नसला तर तोंडात काही घालू नका. उष्माघातात पहिला अर्धा तास ज्यानं अंग गार केलं त्यानं माणूस वाचवला, तिथं गोळीचं काम पाणीच करतं.

गुडघेदुखीच्या बायका माझ्याकडं सगळ्यात जास्त येतात, कापूस वेचून वेचून. त्यांना शेक, तेल, मांडीच्या स्नायूचा व्यायाम आणि वजन, एवढंच. एक किलो वजन उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा चार किलो भार कमी होतो, हे मोजून काढलेलं आहे, ते ऐकलं की मावशी जरा मनावर घेतात. किनवटकडं उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत, खरूज-नायटेवाले लोक तिथं लांबून जातात, गंधकाचं पाणी आहे, कातडीला बरं वाटतं, जाऊन या, पण खरूज असली तर घरातल्या सगळ्यांना एकदम मलम लागतंच.

आणि जिथं आमचं काम नाही ते पण सांगतो. साप चावला, कुत्रं चावलं, छातीत दाबल्यासारखं होतंय, तोंड वाकडं झालं, पोटुशी बाईला झटका किंवा रक्तस्राव, लेकराला टाईप-वन शुगर, टीबी, स्तनात गाठ. यात माती-पाणी बघत बसायचं नाही, एक तास पण नाही. किडनी अधू असलेल्याला नारळपाणी आणि फळांचे रस पण चालत नाहीत, पोटॅशियम वाढून ठोके बिघडतात, म्हणून आबांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, केलेलं नसेल तर यावेळी करून घ्या, रस हा निरुपद्रवी असतो हे डोक्यातनं काढा.

शिबिरवाल्यांशी भांडायला जाऊ नका, नुसते दोन प्रश्न विचारा. साडेपाच वर्षांचा बीएनवायएस, म्हणजे निसर्गोपचार आणि योगाची पदवी, केलेला कोणी तुमच्यात आहे का, आणि गोळ्या बंद केल्यावर काही झालं तर रात्री दोन वाजता कोण येणार. आणि पत्रकावर शुगर-बीपी कायमची बरी करू असं छापलं असेल तर ते पत्रक जपून ठेवा, अशा जाहिरातीला १९५४ पासूनच्या कायद्यानं बंदी आहे.

राहिला आईचा प्रश्न. दुधीच्या रसात कारल्याचा घालू का, तर अजिबात नको, आणि कारण नीट ऐका. दुधी कधी कधी आतनं कडू निघतो, त्यातलं कुकुरबिटासिन विषारी असतं, रक्ताच्या उलट्या आणि जुलाब होतात. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा जीव त्यानंच गेला, ते दुधी आणि कारलं एकत्र करूनच प्यायचे. दुधीचा कडूपणा हीच आपल्याला मिळणारी एकमेव सूचना आहे, कारलं घातलं की ती सूचनाच पुसली जाती, म्हणून आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या समितीनं पण सांगितलं की कडू लागला तर पिऊ नका आणि दुसऱ्या रसात मिसळू नका. आईला म्हणावं रस काढूच नका, दुधीची भाजीच करा, आणि चिरायच्या आधी डेठाकडची एक चकती जिभेला लावून बघा, कडू लागली तर थुंकून द्या, चूळ भरा आणि अख्खा दुधी खड्ड्यात टाका, शिजवून कडूपणा जात नाही, गुरांपुढं पण टाकू नका.